यज्ञातील समिधा

नवरात्रातील होमाच्या वेळी साऱ्यांचे डोळे ज्वाळेकडे लागलेले असतात. मंत्रघोष होतो, तुपाची आहुती पडते, अग्नी उसळतो आणि हात आपोआप जोडले जातात. त्या अग्नीच्या तळाशी जळणाऱ्या समिधेकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. साधनाताई आमटे यांनी आपल्या आत्मकथनास ‘समिधा’ हे नाव दिले. ते किती सार्थ होते, याचा प्रत्यय त्यांच्या जीवनाकडे पाहताना येतो.

नागपूरच्या घुलेशास्त्री घराण्यात १९२६ साली त्यांचा जन्म झाला. माहेरचे नाव इंदू. एका लग्नघरी सारी धामधूम चालली असता ही मुलगी हळूच बाजूस झाली आणि कपडे धुणाऱ्या वृद्ध मोलकरणीस मदत करू लागली. मुरलीधर देवीदास आमटे या विरक्त तरुणाने ते दृश्य पाहिले आणि ब्रह्मचर्याचा संकल्प बाजूस ठेवला. १९४६ साली विवाह झाला. इंदूची साधना झाली.

१९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा आरंभ झाला, तेव्हा जवळ होते सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि अवघे १४ रुपये. विकास आणि प्रकाश हे दोन्ही पुत्र तेव्हा चार वर्षांचेही नव्हते. पोटच्या लेकरांना घेऊन त्या वस्तीत राहावयाचे, ही त्या मातेची केवढी कसोटी!

कुष्ठरोग सूक्ष्म जंतूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हान्सेन यांनी १८७३ मध्येच दाखविले होते. तरीही लोक त्यास पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानीत. देवाच्या दारी भिक्षा मागणाऱ्या रुग्णापुढे भाविक दुरूनच नाणे टाकीत. आनंदवनात पिकलेली भाजी घेण्यासही वरोऱ्याचे लोक प्रारंभी धजत नव्हते. १९५४ साली परदेशांतील स्वयंसेवक तेथे राहून श्रम करू लागले, तेव्हा कोठे ही भीती ओसरू लागली. शास्त्र्यांच्या घरची ही लेक मात्र पहिल्या दिवसापासून त्याच माणसांत राहिली. ज्यांना रक्ताच्या नातलगांनी उंबऱ्याबाहेर काढले, त्यांच्यासाठी तिने आपल्या संसाराचा उंबराच पुसून टाकला.

साठी उलटल्यावरही विसावा नव्हता. १९९० मध्ये बाबा नर्मदाकाठी कसरावद येथे राहावयास गेले; ताईही बरोबर गेल्या. २००८ साली बाबा निवर्तले आणि ९ जुलै २०११ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, आनंदवनातच ताईंनी देह ठेवला.

देवी सर्व भूतांच्या ठायी दयारूपाने वसते, असे देवीमाहात्म्य सांगते. नऊ दिवस आपण तिची पूजा बांधतो, ओटी भरतो, अखंड दीप तेवत ठेवतो. कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो. पण बरा झालेल्या माणसास आपल्या पंगतीत पाट मांडला जातो का, याचे उत्तर कोणतेही औषध देणार नाही. ते आपल्या घरानेच द्यावयाचे आहे. साधनाताईंनी ते आयुष्यभर, एक शब्दही न उच्चारता दिले.

यंदा होमापुढे हात जोडताना क्षणभर ज्वाळेच्या तळाशीही पाहावे. तेथे एक समिधा शांतपणे जळत असेल.