वाघ तीन, बकऱ्या पंधरा, ड्रॅगन एक

लेखांक ६

गुंजीच्या माउलीच्या देवळापासून निघालेली आपली पाच जणांची टोळी आता भीमगडच्या रानात शिरली आहे आणि पुढच्या गुहेत ड्रॅगन आहे. मोहीम चालवणाऱ्या डीएमची (डंजन मास्टरची) खरी कसोटी इथेच लागते. आठवडाभर खपून उभा केलेला ड्रॅगन टेबलावर आला की अर्ध्या तासात आडवा होतो आणि खेळाडू चहा मागवतात, हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की बरेच डीएम फाशांना दोष देऊन मोकळे होतात. फाशांचा यात फारसा दोष नाही. ड्रॅगन हरतो तो अंगात बळ कमी म्हणून नाही, त्याच्या वाट्याला पाळ्या कमी येतात म्हणून. हे समजायला परदेशी पुस्तकांच्या आधी आपल्याच भागातला एक खेळ बघावा. मराठीत तो वाघबकरी, कन्नडमध्ये आडु हुली. दक्षिणेतल्या जुन्या देवळांच्या फरशांवर त्याचे पट कोरलेले सापडतात, आणि फरशी नसेल तिथे कोळशाच्या चार रेघा आणि मूठभर चिंचोके पुरतात.

खेळाचे प्रकार गावोगाव बदलतात. दक्षिणेत सर्वांत जास्त चालणाऱ्या प्रकारात पट त्रिकोणी, घरं 23, वाघ 3 आणि बकऱ्या 15. बकऱ्या एकेक करून मांडायच्या आणि सगळ्या मांडून होईपर्यंत मांडलेली बकरी जागची हलत नाही. वाघ शेजारच्या बकरीवरून उडी मारून तिला खातो, पण पलीकडचं घर रिकामं असेल तरच. बकरी वाघाला मारू शकत नाही, कोंडू मात्र शकते, आणि तिन्ही वाघ कोंडले की डाव बकऱ्यांचा. नेपाळच्या बाघचालमध्ये 25 घरांवर 4 वाघ आणि 20 बकऱ्या असतात, मांडणीचं तत्त्व तेच. दोन्ही बाजू इतक्या असमान असूनही हा डाव शेवटपर्यंत कुणीकडेही झुकू शकतो. त्याचं कारण सोंगट्यांच्या ताकदीत शोधून सापडत नाही. ते एका साध्या नियमात आहे: बकऱ्यांची एक खेळी, मग वाघांची एक खेळी. बकऱ्या पंधरा असल्या तरी पंधरा वेळा हलत नाहीत. हा नियम बदलून पाहा. प्रत्येक सोंगटीला फेरीत एक पाळी दिली, तर पंधरा बकऱ्या तीन वाघांना बघता बघता कोंडतील आणि पुन्हा कुणी तो पट मांडणार नाही.

डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये नेमका हाच मोडका नियम आहे. तिथे पाळी बाजूला मिळत नाही, माणसाला मिळते. 2014 च्या पाचव्या आवृत्तीतला प्रौढ लाल ड्रॅगन घ्या. हिट पॉइंट (म्हणजे मरेपर्यंत सोसता येणारं नुकसान) 256, आर्मर क्लास (म्हणजे वार लागायला लागणारा आकडा) 19, उडण्याचा वेग 80 फूट, आणि तोंडातून निघणारा आगीचा लोळ 18 सहापैलू फाशांचा, म्हणजे सरासरी 63 पॉइंटांचं नुकसान. कागदावर हा प्राणी भयंकर आहे. आता पाच मुरलेले वीर समोर ठेवा आणि चुकलेले वार धरूनही प्रत्येकाची पाळी सरासरी 30 पॉइंटांची माना. नवव्या पाळीला, म्हणजे दुसरी फेरी संपण्याच्या आतच, ड्रॅगन मेलेला असतो. तेवढ्यात त्याच्या स्वतःच्या पाळ्या झाल्या फार तर दोन. त्यात आगीचा लोळ एकदा सोडला की तो परत मिळण्यासाठी दर पाळीच्या सुरुवातीला सहापैलू फाशावर 5 किंवा 6 पडावे लागतात. तीनांतून दोन वेळा तो मिळतच नाही.

यावर पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो हिट पॉइंट वाढवण्याचा. 256 चे 512 करा. मग अठराव्या पाळीला, चौथ्या फेरीत ड्रॅगन मरेल आणि त्याच्या पाळ्या होतील चार. नवास दोन हे प्रमाण अठरास चार झालं, म्हणजे होतं तसंच राहिलं. लढाई अवघड झाली नाही, लांबली. लांबलेली सोपी लढाई ही टेबलावरची सर्वांत कंटाळवाणी गोष्ट, कारण निकाल सगळ्यांना कळलेला असतो आणि फासे टाकणं तेवढं उरतं. दुसरा उपाय पिलावळीचा: ड्रॅगनभोवती आठदहा सरडेमानव उभे करायचे. यात तथ्य आहे, त्या बाजूच्या पाळ्या खरोखर वाढतात. पण त्या पाळ्या ड्रॅगनच्या नसतात. एखाद्या मांत्रिकाने एका मंत्रात ही फौज साफ केली की आपण पुन्हा मूळ जागी येतो, आणि ती टिकली तर खेळाडूंच्या आठवणीत सरडेमानव राहतात.

पाचव्या आवृत्तीच्या रचनाकारांनी जे केलं ते वाघबकरीच्या जवळ जाणारं आहे, त्यांनी हा पट पाहिला असो वा नसो. या ड्रॅगनला दर फेरीत तीन ‘लेजंडरी’ कृती दिल्या, आणि त्या इतरांची पाळी संपताच, एका वेळी एकच वापरायच्या. शिवाय स्वतःच्या गुहेत असेल तर फेरीत एकदा गुहाही त्याच्या बाजूने काहीतरी करते. मोजून बघा: त्याची पाळी एक, लेजंडरी कृती तीन, गुहेची एक. पाचास पाच. पहिला वीर तलवार मारून थांबला की शेपटीचा फटका. दुसरा पुढे सरकला, ड्रॅगन नुसता बघत राहिला. तिसऱ्याने बाण सोडला की पंखांचा झपाटा (याला दोन कृती खर्चतात), दहा फुटांतले लोक भुईसपाट, आणि ड्रॅगन चाळीस फूट दूर. बकऱ्यांनी घेरायला मांडलेलं सगळं उधळलं. ‘लेजंडरी रेझिस्टन्स’चा अर्थही इथेच उलगडतो. पाचांतला एक वीर मंत्राने गोठला तर टोळीची पाचवा हिस्सा ताकद जाते, ड्रॅगन गोठला तर सगळीच जाते. म्हणून तीन वेळा तो मंत्र झटकून टाकू शकतो, आणि टोळीला आधी ते तीन नकार खर्च करवून घ्यावे लागतात.

अनेक खेळाडूंना हे अन्यायाचं वाटतं. नियम सगळ्यांना सारखे हवेत, एकाला वेगळे कसे? हा आक्षेप बुद्धिबळाच्या सवयीतून येतो. वाघबकरीत दोन्ही बाजूंचे बरेचसे नियम वेगळे आहेत, तरी त्याला कुणी फसवणूक म्हणत नाही, कारण ते नियम खेळ सुरू होण्याआधीच दोघांना ठाऊक असतात. अन्याय वेगळेपणात नसतो, लपवाछपवीत असतो. म्हणून ड्रॅगन भेटण्याआधी टोळीला जळलेलं रान दिसलं पाहिजे, आणि ती जळकी जागा तोंडाशी निमुळती, पुढे रुंद, साठ फुटांवर साठ फूट पसरलेली दिसली पाहिजे. हुशार खेळाडू त्यावरून समजेल की वाघापुढे बकऱ्यांनी चिकटून राहायचं असतं, इथे चिकटलात की सगळे एका लोळात. पांगलात तर एकेकाला शेपटी. हा पेच सोडवण्यातच खेळाची मजा आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ड्रॅगन उडतो, मग तो खाली उतरेलच कशाला? वरून आग ओकत राहिला तर पाळ्यांचा हिशेब कितीही जुळवला तरी डाव एकतर्फी. बरोबर आहे, आणि याचं उत्तर आकड्यांत नाही, जागेत आहे. वाघाची उडीसुद्धा पलीकडचं घर रिकामं असेल तरच चालते, पटाच्या कडेला त्याच्या उड्या कमी होतात. ड्रॅगनलाही कड हवी. खानापूर तालुक्यात ती शोधायला लांब जावं लागत नाही. कृष्णापूर-तळेवाडीकडच्या बारापेडे गुहा दुर्मीळ वटवाघळांसाठी प्रसिद्ध आहेत. आपल्या नकाशावर त्यांच्याच धर्तीची, पण बरीच मोठी गुहा काढा. छत चाळीस फूट, म्हणजे उडता येतं पण निसटता येत नाही. ड्रॅगनची अंडी आत आहेत, म्हणून तो ती सोडून जात नाही. पुस्तकात लाल ड्रॅगनची गुहा लाव्हा उसळवते. आपल्याकडे त्याऐवजी जांभ्याचा कडा ढासळू द्या, वटवाघळांचा थवा मशाली विझवू द्या, कणकुंबीकडचा पाऊस फटींतून आत येऊ द्या. आणि त्या गुहेचं मागचं तोंड पावसाळ्यात पाण्याखाली जातं, एवढं टोळीला आधी कळू द्या. वाटेत भेटलेल्या एखाद्या गुराख्याकडून कळलं तर उत्तम. कोण कुणाला कोंडतो, ते मग पाचव्या पाळीपर्यंत डीएमलाही सांगता येणार नाही.