हमीदा बानोंच्या कुस्त्यांची नोंद कुणी ठेवली नाही. आपल्या मुलींची राहायला हवी

४ मे २०२४ ला ज्यांनी मोबाईलवर गूगल उघडलं, त्यांना एका पहिलवान बाईचं चित्र दिसलं असेल. आपल्यापैकी अनेकांना ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा कळलं : हमीदा बानो. आपल्याच समाजाची बाई, आयुष्याचा शेवटचा काळ आपल्याच महाराष्ट्रात, कल्याणमध्ये काढलेली, आणि तरीही आपल्या घरांत तिचं नाव नाही. असं का झालं, आणि आज चंद्रपूर-गडचिरोलीतल्या एखाद्या मुलीनं "अब्बू, मला कुस्ती खेळायची आहे" असं म्हटलं तर काय वेगळं होऊ शकतं, हे आज आपण नीट समजून घेऊ.

हमीदा बानो मूळच्या उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरकडच्या. सलाम पहिलवान यांच्याकडे तालीम करण्यासाठी त्या अलीगडला आल्या आणि पुढे 'अलीगडची अमेझॉन' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. रोज सुमारे सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप. खुराकही तसाच. साडेपाच लिटरच्या वर दूध, जवळपास एक किलो मटण, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम, बिर्याणी. त्या काळच्या वर्तमानपत्रांना या खुराकाचं भारी कौतुक होतं.

१९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी जाहीर आव्हान दिलं, की जो मला कुस्तीत हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पटियाला आणि कोलकात्याच्या पहिलवानांना त्यांनी हरवलं. मे महिन्यात बडोद्याला छोटे गामा पहिलवानाशी कुस्ती ठरली होती, पण ऐनवेळी त्यानं माघार घेतली. मग समोर आले बाबा पहिलवान. ती कुस्ती १ मिनिट ३४ सेकंदांत संपली. त्याच वर्षी मुंबईत त्यांनी 'रशियाची मादी अस्वल' म्हणून गाजलेल्या वेरा चिस्तिलिनला मिनिटभराच्या आत चीत केलं. आपण ३०० हून जास्त कुस्त्या जिंकल्या आहेत, असं त्या सांगायच्या.

आता अडचण इथंच आहे. 'असं त्या सांगायच्या' यापुढे आपल्याला जाता येत नाही. त्या ३०० कुस्त्यांचा हिशेब कुठल्याच दफ्तरात नाही. बाईसाठी वेगळा गट नव्हता, वजनगट नव्हते, गुणफलक नव्हता. ठेकेदार तिकिटं लावून दंगल भरवायचा आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी यायची, एवढंच. पुण्यात रामचंद्र साळुंखे यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेनं हरकत घेतल्यामुळे रद्द करावी लागली. एकदा तर पुरुष पहिलवानाला हरवलं म्हणून लोकांनी आरडाओरडा करून दगड मारले. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे त्यांनी कुस्त्यांवरच्या बंदीची तक्रार केली. उत्तर आलं, की बंदी बाई म्हणून नाही, तर ठेकेदार 'डमी' पहिलवान उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून.

खरं काय होतं? काही कुस्त्या ठरवलेल्या असतीलही, आणि काही शंभर टक्के खऱ्या असतील. पण खरं-खोटं करायला पंच नाही, नोंद नाही, संघटना पाठीशी नाही. मग संशय राहतो तो बाईवर. ठेकेदार पैसे घेऊन मोकळा.

पुढची गोष्ट जास्त दुःखाची आहे. चिस्तिलिनवरच्या विजयानंतर हमीदा बानोंनी युरोपात जाऊन कुस्ती खेळायचं जाहीर केलं. कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार सलाम पहिलवान यांना हे पटलं नाही आणि त्यांनी मारहाण करून हमीदा बानोंचा हात मोडला. त्यानंतर त्या कुस्तीच्या बातम्यांतून दिसेनाशा झाल्या. शेवटच्या वर्षांत त्या कल्याणमध्ये दूध विकत, खोल्या भाड्यानं देत, आणि पैसे संपले की रस्त्यावर खाण्याचे पदार्थ विकत. १९८६ साली त्यांचा इंतकाल झाला.

त्यानंतर एकाच वर्षानं, १९८७ मध्ये, नॉर्वेतल्या लोरेनस्कोग इथं महिलांची पहिली जागतिक कुस्ती स्पर्धा झाली. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये महिला कुस्ती आली. हमीदा बानोंच्या अंगात जोर होता, डाव होते, हिंमत होती. वर चढायला पायऱ्या मात्र त्यांच्यासाठी कुणी बांधलेल्या नव्हत्या. आज त्या आहेत, आणि कशा आहेत ते आई-बापांनी जाणून घेतलं पाहिजे.

फ्रीस्टाइल म्हणजे नेमकं काय?

मातीतल्या दंगलीत पाठ लागली की निकाल. गाद्यांवरच्या म्हणजे मॅटवरच्या फ्रीस्टाइलमध्ये कमरेवरचे आणि पायाचे असे दोन्ही डाव चालतात. ऑलिम्पिकमध्ये महिलांसाठी हाच एक प्रकार आहे. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये ३० सेकंदांची विश्रांती. समोरचीला खाली आणून ताबा मिळवला की २ गुण, थेट पाठ धोक्यात आणली की ४, गोलाबाहेर ढकललं की १. कुणी १० गुणांनी पुढे गेली तर कुस्ती तिथंच थांबते. दोन्ही खांदे टेकले की चितपट, मग गुण कितीही असोत. प्रत्येक गुण फलकावर दिसतो. ऑलिम्पिकसारख्या मोठ्या स्पर्धांत पंचांचा निर्णय चुकला असं वाटलं तर प्रशिक्षक व्हिडिओ पाहण्याची मागणी करू शकतो. हमीदा बानोंना असा फलक मिळाला असता, तर 'डमी'चा प्रश्नच आला नसता.

दुसरी गोष्ट वजनगटांची. ऑलिम्पिकमध्ये महिलांचे सहा गट आहेत : ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६ किलो. म्हणजे बारीक अंगाच्या मुलीलाही तिच्याच वजनाची जोड मिळते. "आमची पोरगी सडपातळ आहे, तिला कुस्ती कशी जमेल?" या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. मात्र हाच नियम कडकही आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचली आणि सकाळच्या वजनात १०० ग्रॅम जास्त भरल्यामुळे बाद झाली. म्हणून वाढत्या वयाच्या मुलीला उपाशी ठेवून, पाणी तोडून वजन कमी करायला कुणी सांगत असेल तर आई-बापांनी तिथंच थांबवावं. मुलीला तिच्या वजनाच्या गटात खेळवा, गटासाठी तिचं अंग वाळवू नका.

पायऱ्या कुठून सुरू होतात?

शाळेतून. शालेय कुस्ती स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. जिल्हा, मग विभाग (आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी नागपूर), मग राज्य, मग राष्ट्रीय. प्रत्येक टप्प्याचं प्रमाणपत्र मिळतं आणि ते जपून ठेवायचं असतं. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण असतात, आणि राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र चालतं याचे नियम ठरलेले आहेत, म्हणून शाळेच्या क्रीडा शिक्षकांना सुरुवातीलाच विचारून घ्यावं.

मोठ्या मुलींसाठी महिला महाराष्ट्र केसरी आहे. पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीत झाली. सांगलीच्या प्रतीक्षा बागडीनं अंतिम कुस्तीत वैष्णवी पाटीलला हरवून गदा घेतली. वैष्णवी कल्याणची, जिथं हमीदा बानोंनी दूध विकलं त्या कल्याणची. जानेवारी २०२५ मध्ये हीच स्पर्धा आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, देवळीला झाली आणि भाग्यश्री फंड विजेती ठरली. म्हणजे ही गदा आता आपल्यापासून फार लांब राहिलेली नाही.

मुस्लिम मुली या खेळात कुठे आहेत, असंही कुणी विचारेल. ट्युनिशियाच्या मारवा अमरीनं २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक घेतलं. त्याच ५८ किलो गटात आपल्या साक्षी मलिकनंही कांस्य जिंकलं होतं. तुर्कीची यासेमिन आदार २०१७ मध्ये जगज्जेती झाली. किर्गिझस्तानची आयसुलू तिनिबेकोवा एकाहून जास्त वेळा जगज्जेती आहे. पोशाखाचा विचार प्रत्येक घर आपापल्या परीनं करील. सरावात पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पॅन्ट घालता येते. स्पर्धेत काय चालतं ते आयोजकांकडून आधी, लेखी विचारून घ्यावं, म्हणजे मुलीला मॅटवर गेल्यावर मान खाली घालावी लागत नाही.

घरच्यांनी काय विचारावं?

आमच्या मते पहिला प्रश्न पदकाचा नाही, सुरक्षिततेचा आहे. हमीदा बानोंचा उस्ताद, व्यवहार पाहणारा आणि घरातला माणूस एकच होता. त्याच्या मर्जीबाहेर गेल्यावर त्यांना दाद मागायला जागा उरली नाही. २०२३ मध्ये साक्षी मलिक आणि विनेश फोगाट यांच्यासारख्या मोठ्या पहिलवानांनाही कुस्ती महासंघाच्या तेव्हाच्या अध्यक्षांविरुद्ध लैंगिक छळाचे आरोप घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसावं लागलं. म्हणून तालमीत नाव घालण्याआधी विचारा : महिला प्रशिक्षक आहे का? मुलींच्या सरावाची वेळ कोणती, आणि त्या वेळी पालकांना येऊन बसता येतं का? बाहेरगावी स्पर्धेला सोबत कोण जातं? तक्रार कुणाकडे करायची? जिथं या प्रश्नांचा राग येतो, तिथं मुलीला पाठवू नका.

दुसरा प्रश्न अंतराचा. सिरोंच्याहून गडचिरोली गाठायची म्हणजे २०० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता, तोही जंगलातून. अहेरी, एटापल्ली, जिवतीकडच्या पोरींना रोज जिल्ह्याच्या गावी येणं शक्य नाही. तिथं वसतिगृहाची सोय पाहावी लागेल, किंवा मोहल्ल्यातल्या दोन-चार घरांनी मिळून गाडी करावी लागेल. पण अंतर आहे म्हणून होतच नाही, असंही नाही. मे २०१८ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच आदिवासी विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले, आणि त्यांत मनीषा धुर्वे ही मुलगी होती. त्यांना निवड, प्रशिक्षण आणि पाठीशी उभी राहणारी यंत्रणा मिळाली, म्हणून ते घडलं.

कुस्ती प्रत्येक मुलीनं खेळावी असं आमचं म्हणणं नाही. पण जिला खेळायचंच आहे, तिला चोरून खेळावं लागू नये. तिच्या पहिल्या जिल्हा स्पर्धेला अम्मी-अब्बूंपैकी एकानं तरी मॅटच्या बाजूला बसावं, आणि घरी आल्यावर प्रमाणपत्र एका फाईलमध्ये लावून ठेवावं, हरली असली तरी. हमीदा बानोंच्या कुस्त्यांची अशी एक फाईल जरी कुणी ठेवली असती, तर त्यांचं नाव कळायला आपल्याला २०२४ पर्यंत थांबावं लागलं नसतं.