चौथी ते सातवी : पहिली मोठी कादंबरी कोणती द्यावी?

नऊ ते तेरा या वयातल्या मुलांनी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, हा आजचा विषय. नुसती यादी पाच मिनिटांत देता येईल. पण यादीनं भागत नाही, हे आपण घरोघरी बघतो. हौसेनं पुस्तक आणतो, वीसेक पानं होतात आणि मग ते उशाशी पडून राहतं. तेव्हा आधी हे असं का होतं ते बघू.

तिसरी-चौथीपर्यंत मुलांच्या हातात पातळ, चित्रांची पुस्तकं असतात. गोष्ट एका बैठकीत संपते. त्यानंतर आपण एकदम ‘स्वामी’ नाहीतर ‘मृत्युंजय’ समोर ठेवतो. मधल्या पायऱ्या गायब! कादंबरी वाचायची म्हणजे काल अर्धवट सोडलेली काळजी आज पुन्हा हातात घ्यायची. दुसऱ्या कुणाची तरी अडचण चार-आठ दिवस मनात वागवायची. ही सवय हळूहळू लागते आणि या वयात लागली नाही, तर पुढे अभ्यासाच्या रेट्यात ती राहूनच जाते. म्हणून पुस्तकं क्रमानं द्यायला हवीत.

पहिली पायरी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकल दामटतो आणि मोठ्यांची वाट न बघता संकटात उडी घेतो. इथे वेग आहे. पुढे काय झालं, या एका प्रश्नावर मूल पानं उलटत जातं. ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’पासून सुरुवात करायला हरकत नाही. भाषा थोडी जुनी वाटेल, तेवढं आपण शेजारी बसून सांगावं.

दुसरी पायरी ‘तोत्तोचान’. तेत्सुको कुरोयानागी यांच्या या जपानी पुस्तकाचा मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केलाय. खरं तर या आठवणी आहेत, कादंबरी नाही. तरी आम्ही हे पुस्तक इथे घेतो, कारण प्रकरणं छोटी आहेत आणि माणसं मात्र तीच राहतात. पहिलीतच शाळेतून काढलेली मुलगी, रेल्वेच्या डब्यात भरणारे वर्ग, तिचं बोलणं तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी. आणि शेवटी बॉम्बहल्ल्यात जळालेली ती शाळा. हसता हसता मूल पहिल्यांदा युद्धापाशी येऊन पोचतं.

तिसरी पायरी ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आपण ते ‘संस्कार’ म्हणून देतो आणि तिथेच मूल बिचकतं. ते गोष्ट म्हणून वाचू द्या ना! कर्जात बुडत चाललेलं एक घर आहे, मानी आई आहे आणि चुकणारा, हट्ट करणारा मुलगा आहे. पुस्तकात 42 रात्री आहेत. एका दिवशी एक रात्र, मोठ्यानं वाचून दाखवली की झालं.

आता एक गोष्ट लक्षात आली असेल. या यादीत मुलगे जास्त झाले. म्हणून चौथं पुस्तक ‘चौघीजणी’, म्हणजे ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद. धाकटी बहीण रागाच्या भरात ज्योचं हस्तलिखित जाळून टाकते. माफ करायचं की नाही? घरात भावंडं असलेल्या कुठल्याही मुलाला, हो, मुलग्यांनासुद्धा, हा प्रश्न परका वाटत नाही.

आणि शेवटची पायरी ‘पाडस’. मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांची ‘द यर्लिंग’ 1938 साली आली, तिला 1939 साली पुलित्झर मिळालं. राम पटवर्धनांनी ती मराठीत आणली. फ्लोरिडाच्या रानातलं गरीब शेतकरी कुटुंब. ज्योडी हरणाचं अनाथ पाडस जिवापाड सांभाळतो. पाडस मोठं होतं आणि घराचं वर्षभराचं धान्य ज्यावर अवलंबून, ते शेतातलं पीक खायला लागतं. शेवटी ज्योडीलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते.

इथे पालक हमखास विचारतात, मुलांना रडवणारं पुस्तक द्यायचंच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण बारा वर्षांच्या मुलानं आजोबा गेलेले पाहिलेले असतात, मैत्री तुटलेली असते, घरातली पैशाची ओढाताण कानावर पडलेली असते. त्यावर बोलायला त्याच्याकडे शब्द नसतात. ‘पाडस’मध्ये कुणी दुष्ट नाही. बापाचं प्रेम खरं आहे आणि भूकही खरी आहे. जगात असेही पेच असतात, हे मूल इथे सुरक्षित जागी बसून अनुभवतं, आपण शेजारी असताना.

अर्थात काही पथ्यं आहेत. आपण आधी वाचल्याशिवाय हे पुस्तक देऊ नये. घरातलं कुत्रं-मांजर नुकतंच गेलं असेल तर थोडं थांबावं. शेवट दुःखाचा आहे, हे लपवू नये. आणि वाचून झाल्यावर ‘काय शिकलास?’ हे तर विचारूच नये. त्याऐवजी विचारा, ‘ज्योडीला दुसरं काही करता आलं असतं का?’ उत्तर आपल्यालाही येत नसेल, तर फारच छान. मग गप्पा खऱ्या होतात.

इंग्रजी माध्यमातली मुलं मराठी सावकाश वाचतात. त्यांच्यासाठी पहिली दोन प्रकरणं आपण वाचावीत, पुढे एक पान त्यांनी, एक आपण. आणि पुस्तक नाहीच आवडलं तर सोडून द्यायची मुभा असावी. ग्रंथालयात दुसरं मिळतं. वाचनाची गोडी एकदा गेली, की परत आणणं मात्र फार अवघड.

आता तुमचे प्रश्न घेऊ.