गाजर गवत : अंगाला खाज, कारण बांधावर

पाऊस झाला की मुळा-प्रवरेच्या पाटाकडेला, पडिकात, गावठाणात गाजर गवत पांढरे फुलते. यालाच आपण काँग्रेस गवत म्हणतो. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेस आले; आज ते नसलेले गाव दाखवा!

खुरपणी करणाऱ्याच्या पापण्या, मान, कोपराची घडी लाल होऊन खाजते, उन्हात आग वाढते, शिंका येतात. लोक म्हणतात, "उष्णता झाली", आणि दुकानातून मलम आणतात. तसे करू नये. कापडाखालची कातडी बरी अन् उघडी तेवढीच खराब असेल तर गवताचा संशय घ्यावा, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

ॲलर्जी जडलेल्याने हे गवत उपटूच नये. हातमोजे घातले तरी परागकण वाऱ्याने तोंडावर येतात. बाकीच्यांनी हातमोजे व पूर्ण बाह्या घालून, जमीन ओली असताना, फुलोऱ्याआधी मुळासकट उपटावे. छाटलेले पुन्हा फुटते आणि एक झाड हजारो बिया टाकते. फुललेले खतखड्ड्यात नको. घरी येताच साबणाने हात-तोंड धुवावे.

आपला बांध साफ केला तरी शेजारच्या पडिकातले बी येतेच. म्हणून ग्रामपंचायतीने गावठाण व रस्त्याची कड जुलैतच काढून घ्यावी. २ ऑक्टोबरच्या श्रमदानापर्यंत बी केव्हाच मातीत गेलेले असते.