सूर्यप्रकाशाचे रंग मोजणारा स्क्रू

जुनी सीडी उजेडात तिरकी धरली की तिच्यावर सप्तरंग चमकतात. सीडीवरील वळसे एकमेकांपासून सुमारे १.६ मायक्रॉन अंतरावर असतात. या ठरावीक अंतरामुळे प्रकाशातील रंग वेगवेगळ्या दिशांना पांगतात. जवळपास इतक्याच बारीक रेषा धातूच्या पट्टीवर एकामागून एक ओढणारे यंत्र १८८२ मध्ये बाल्टिमोरमधील एका प्राध्यापकाने तयार केले. त्यांचे नाव हेन्री रोलंड.

रोलंड यांचा जन्म १८४८ मध्ये पेनसिल्व्हेनियात झाला. शिक्षण इंजिनीअरिंगचे, पण ओढा भौतिकशास्त्राकडे. चुंबकत्वावरील त्यांचा निबंध अमेरिकी नियतकालिकाने परत पाठवला. तो त्यांनी थेट जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांच्याकडे धाडला. मॅक्सवेल यांनी त्याचे मोल ओळखले आणि १८७३ मध्ये तो ब्रिटनमध्ये छापून आला. पुढे नव्याने स्थापन होणाऱ्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांची भौतिकशास्त्रासाठी निवड केली. अध्यापन सुरू होण्यापूर्वी त्यांनी युरोपातील प्रयोगशाळा पाहिल्या, उपकरणे खरेदी केली.

प्रकाशाचे रंग पांगवणाऱ्या पट्टीला ग्रेटिंग किंवा विवर्तन जालक म्हणतात. तिचे तत्त्व आधीपासून माहीत होते, अडचण होती ती बनवण्याची. यंत्रातील हिऱ्याचे टोक पट्टीवर एक रेषा ओढते, मग स्क्रू किंचित फिरतो, पट्टी पुढे सरकते आणि दुसरी रेषा ओढली जाते. स्क्रूच्या आट्यांमध्ये थोडासा जरी फरक असला, तरी रेषांमधील अंतर बिघडते आणि वर्णपटात खोट्या रेषा दिसू लागतात.

रोलंड यांनी मूळ मुद्दा हेरला. निर्दोष स्क्रू कापून मिळत नाही, तो घासून घडवावा लागतो. लांबलचक नटमध्ये स्क्रू बसवून, घासणारी बारीक पूड लावून तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, मध्येच नटची बाजू उलटायची. असे करत चुका झिजत जातात. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, म्हणून यंत्र तळघरात ठेवले. एकेका पट्टीला काही दिवस लागत. कारागीर थिओडोर श्नायडर यंत्राची देखभाल करत, तर आरशासारख्या गुळगुळीत पट्ट्या पिट्सबर्गचे जॉन ब्रॅशियर पुरवत. नेहमीच्या ग्रेटिंगवर एका इंचात १४,४३८ रेषा असत.

दुसरी कल्पना त्याहून मोलाची ठरली. रोलंड यांनी सपाट पट्टीऐवजी अंतर्वक्र आरशावर रेषा ओढल्या. त्यामुळे भिंगांची गरज संपली आणि काचेत शोषले जाणारे अतिनील किरणही टिपता येऊ लागले. याच साधनाने त्यांनी सूर्याच्या वर्णपटाचे छायाचित्र-नकाशे केले आणि सुमारे २०,००० रेषांच्या तरंगलांबींचा तक्ता प्रसिद्ध केला. ही ग्रेटिंग्ज जगभरच्या प्रयोगशाळांना केवळ उत्पादन खर्चात मिळत. पीटर झीमन यांनी १८९६ मध्ये चुंबकीय क्षेत्राचा प्रकाशावरील परिणाम शोधला तोही रोलंड ग्रेटिंग वापरूनच. त्या कामासाठी त्यांना १९०२ चे नोबेल विभागून मिळाले.

१८८३ मध्ये रोलंड यांनी शुद्ध विज्ञानाची बाजू मांडणारे भाषण गाजवले. तारयंत्र आणि विजेचे दिवे यांना विज्ञान समजणाऱ्या देशाला त्यांनी खडे बोल सुनावले. पैशासाठी नव्हे, तर जाणण्यासाठी संशोधन व्हावे, हा त्यांचा आग्रह होता.

नियतीने मात्र याच आग्रहाची परीक्षा घेतली. १८९० मध्ये त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास त्यांना मधुमेह असल्याचे निदान झाले. तेव्हा इन्सुलिन नव्हते, खाण्यावरील बंधनांपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. आपल्या पश्चात कुटुंबाचे काय, या चिंतेने रोलंड पेटंटकडे वळले. एकाच तारेवरून अनेक संदेश पाठवणाऱ्या छापील तारयंत्रावर त्यांनी अखेरची वर्षे खर्ची घातली. ज्या तारयंत्राला विज्ञान म्हणू नका असे त्यांनी बजावले होते, तेच आता घरच्यांचा आधार ठरेल अशी त्यांची आशा होती.

१६ एप्रिल १९०१ रोजी, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मधुमेही रुग्णाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन मिळायला अजून दोन दशके होती. रोलंड यांच्या अस्थी प्रयोगशाळेच्या तळघरातील भिंतीत, त्यांच्या रेषायंत्राशेजारी ठेवण्यात आल्या.