पेटीचा गांधार

पेटीचा गांधार तंबोऱ्याशीं जुळत नाहीं, अशी आमच्या नातीनें तक्रार केली, तेव्हां आम्ही तिलाच दटावलें. मग कागद घेऊन बसलों. षड्जाचीं कंपनें सेकंदास 240 धरल्यास पंचम 360 आणि गांधार 300. खरजाच्या तारेंत मूळ कंपनांच्या पांचपट कंपनेंही चालूं असतात. स्वयंभू गांधार ऐकूं येतो तो त्यांतूनच. अहोबलानें ‘संगीतपारिजातां’त स्वरस्थानें तारेच्या लांबीवरून सांगितलीं आहेत; 36 इंचांच्या तारेवर पंचम 24 इंचांवर पडतो. येथवर सारें सरळ. परंतु पंचमामागून पंचम असे दीडपटीनें बारा वेळां चढलें, तर सुमारें 129.75 पट होते, आणि सात सप्तकें चढलें तर 128 पट. तीनचे घात विषम, दोनचे सम; त्यांची गांठ पडणार कशी? हा जास्तीचा अंश पेटींत बाराही पंचमांतून सारखा कापून घेतात. पंचमाचें त्यानें फारसें बिघडत नाहीं. चार पंचम चढून मिळणारा गांधार मात्र तरीही 302.4 वर राहतो. शाळेंत आम्ही वर्षानुवर्षें घात शिकविले, पण हें कानास कधीं कळलें नव्हतें! नातीस हिशेब दाखवून आम्ही आपली चूक कबूल केली. पेटी तूर्त फडताळावर आहे.