इंजिन बांधावे की बदलावे?

दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली मोटार दौलताबादच्या घाटात निळा धूर सोडू लागली, की छत्रपती संभाजीनगरातला मालक विचारतो : इंजिन बांधावे की बदलावे? निळा धूर म्हणजे ऑईल जळते आहे. पण ते शिरते कोठून?

पेट्रोल इंजिनात मिस्त्री प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजतो. कमी भरला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजतो. आता वाढला, तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडर झिजले. वाढला नाही, तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट पाहावे. सायकलपंपाचा वाळलेला कातडी वायसर तेल लावताच हवा धरतो, तसेच हे. (वर्गात जरूर करून पाहावे.) दाब चांगला असूनही धूर येत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेले, तेवढ्यासाठी इंजिन बदलणे हा निव्वळ अपव्यय.

झिजलेला सिलिंडर बोअर करून 0.25 किंवा 0.50 मिलिमीटर मोठा पिस्टन बसवता येतो. ब्लॉक शाबूत असेल, तर आम्ही बांधण्याच्या बाजूचे. ब्लॉकला मोठा तडा असेल, तर बदलावे. पण जुन्या बाजारातले इंजिन घेताना दाबाची हीच चाचणी आधी करून घ्यावी. शिवाय नवा इंजिन क्रमांक आर.टी.ओ.त नोंदवावा लागतो.